लंडनात जेवावे कोठे?

अलीकडे आपल्या पांढरपेशा कुटुंबांत विलायतेचा प्रवास ही काही नवलाई राहिलेली नाही. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीस असते, नातवंडे तिकडे जन्मतात, आणि साठी उलटलेले आईबाप, क्वचित काकू-आत्याही, उन्हाळ्याचे तीन-चार महिने तेथे जाऊन राहतात. परत आल्यावर थेम्स नदी, तेथील पूल, राजवाडा आणि ब्रिटिश म्युझियम यांचे वर्णन ही मंडळी मोठ्या हौसेने करतात, परंतु “तेथे जेवलात काय?” असे विचारावे, तर उत्तर बहुधा एकच मिळते, “घरचेच. आम्ही कोठले बाहेर जेवतो!” बरोबर नेलेले मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि राजगिऱ्याच्या वड्या यांवर चार महिने निघतात, आणि जगातील बहुतेक देशांचे अन्न जेथे एका दिवसाच्या फेरफटक्यात मिळू शकते अशा शहरातून मनुष्य पिठल्याची चव घेऊन परत येतो.

यात जिभेचे काही नुकसान होते हे आम्ही फारसे मनावर घेत नाही. जिभेला आवर घालावयास आपल्याकडे लहानपणापासूनच शिकवितात. खरे नुकसान दुसरेच आहे. तिकडे मुले आठवडाभर कामावर. सगळी माणसे एकत्र भेटावयाची ती शनिवारी आणि रविवारी, आणि त्या दिवशी बाहेर पडले की दुपारचे जेवण बाहेरच होणार. मग घराची दोन शकले होतात. मुलगा-सून आणि नातवंडे एका बाजूस, आणि “तुम्ही जाऊन या, आम्ही दूध-केळे घेतो” म्हणणारी वडील मंडळी दुसऱ्या बाजूस. मुलास वाटते आपण आईस टाकून जेवलो. आईस वाटते आपण मुलाच्या सुखाच्या आड आलो. दोघेही बोलत नाहीत. हजारो मैल ओलांडून ज्या पंगतीसाठी गेलो तीच पंगत मोडते.

आमच्या घरी हा प्रश्न अंमळ अवघड स्वरूपात उभा राहिला. आम्ही, सौ., चिरंजीव, सूनबाई, सात वर्षांचा नातू, आणि यंदा आमच्याबरोबर आलेल्या थोरल्या वहिनी, अशी सहा माणसे. वहिनींचे वय चौऱ्याहत्तर. मांस, मासे आणि अंडे तर नाहीच. पण ज्या कढईत ते तळले त्या कढईतील भजेही त्यांस चालावयाचे नाही. शिवाय आषाढी एकादशीपासून कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य. त्यांचे नियम त्यांनी कोणावर लादले नाहीत, आणि ते मोडण्याचा आग्रह त्यांस करावा असे आमच्याही मनात कधी आले नाही. तेव्हा नियम कायम ठेवून सहाही माणसांनी एका ठिकाणी बसून परमुलुखाचे अन्न जेवावे, असे ठिकाण शोधणे हाच उद्योग आम्ही दोन महिने केला. त्यातून जे हाती लागले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख.

प्रथम हे लक्षात घ्यावे की या शोधात आपण पहिले नव्हे. 1888 साली कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनास आलेल्या मोहनदास गांधींनी आईस दिलेल्या वचनापायी कित्येक दिवस अर्धपोटी काढले. घरमालकिणीने शहरात शाकाहारी उपाहारगृहे असल्याचे सांगितल्यावरून ते रोज दहा-बारा मैल पायपीट करीत, स्वस्तशा खाणावळीत शिरून नुसत्या पावाने पोट भरीत, आणि अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांस हवे ते घर सापडले. त्याच घराच्या दाराशी त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचे समर्थन करणारे पुस्तक एका शिलिंगास विकत घेतले, आणि जे व्रत तोवर आईच्या वचनासाठी पाळले ते पुढे स्वतःच्या बुद्धीने पाळले. एका खाणावळीच्या शोधातून केवढा परिणाम झाला पाहा! इंग्रजांची स्वतःची शाकाहारी संस्था तर 1847 सालची. आणि दूधदुभतेही वर्ज्य मानणाऱ्यांनी 1944 साली निराळी संस्था काढून ‘व्हेगन’ हा शब्द घडविला.

आज तो शब्द लंडनात दारोदार दिसतो. तेव्हा प्रश्न सुटलाच की, असे कोणी म्हणेल. तसे नाही. या पाट्यांमागे पुष्कळदा मिळते ते कारखान्यात घडविलेले, मांसासारखे दिसणारे, मांसासारखा वास येणारे थालीपीठ. चिरंजीवांनी एकदा मोठ्या कौतुकाने तसे आणून दिले. वहिनींनी दोन बोटांनी ते उचलले, उलटसुलट पाहिले, आणि म्हणाल्या, “भाऊजी, जे खायचे नाही त्याचे सोंग तरी कशाला खायचे?” त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. जो पदार्थ मांसासाठी जन्मला त्यातून मांस काढून घेतले, की उरते ते नाक फुटलेल्या मूर्तीसारखे. ओळख पटते, पण हात जोडावेसे वाटत नाहीत.

मग आम्ही दुसरी वाट धरली, आणि सगळा लेख तिच्यासाठीच लिहीत आहोत. ज्या लोकांचे अन्न खावयाचे त्यांस “तुमच्याकडे बिनमांसाचे काय आहे?” असे विचारू नये, “तुमच्या उपासाचे काय आहे?” असे विचारावे. पृथ्वीवरील पुष्कळ जुन्या समाजांत व्रत आहे, वर्ज्यावर्ज्य आहे, उपासाचे दिवस ठरलेले आहेत. त्या दिवसांसाठी त्यांच्या आजीपणजींनी पिढ्यान्‌पिढ्या जे रांधले ते कोणा पाहुण्याच्या सोयीसाठी केलेले नाही. ते त्यांचे स्वतःचे, मुरलेले अन्न आहे. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीकडे कोणी ‘भाताऐवजी केलेली तडजोड’ म्हणून पाहत नाही, तसेच हे.

लंडन या कामास अत्यंत सोयीचे. 2021 च्या शिरगणतीत या शहरातील दर दहा माणसांपैकी सुमारे चार माणसे त्या देशाबाहेर जन्मलेली निघाली. आलेला प्रत्येक समाज एखाद्या भागात दाटीने राहतो, स्वतःसाठी वाण्याचे दुकान काढतो, देऊळ बांधतो आणि खाणावळ उघडतो. ब्रिक लेन नावाच्या रस्त्यावर एक इमारत आहे. 1743 साली फ्रान्सातून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंट विणकरांनी ती प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती ज्यूंचे सिनेगॉग झाली. आणि 1976 पासून ती सिल्हेटकडील बंगाली मुसलमानांची मशीद आहे. भिंती त्याच, माणसे बदलली, आणि त्यांबरोबर गल्लीतील चुलींचा वासही बदलला. याच्या उलट एक उदाहरण आहे. पाटण्याकडचे दीन महंमद यांनी 1810 साली जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्थानी कॉफी हाऊस’ काढले. इंग्लंडातील हिंदी पद्धतीचे ते पहिले भोजनगृह. हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबांसाठी ते होते. पण त्या साहेबांच्या घरी हिंदी स्वयंपाकी होतेच असे सांगतात. दोन वर्षांत मालकांचे दिवाळे निघाले. स्वजातीचे गिऱ्हाईक नसलेले घर डळमळते, हे तेव्हाही खरे होते. म्हणून लेस्टर स्क्वेअरच्या परिसरात, जेथे दारात उभा राहून नोकर प्रवाशांस हाका मारतो, तेथे शिरूच नये. जेथे त्या देशाचा म्हातारा एकटाच बसून निमूटपणे जेवीत आहे, तेथे शिरावे.

पहिला आणि सर्वांत मोठा लाभ आम्हांस इथिओपियाच्या लोकांकडून झाला. किंग्ज क्रॉस स्थानकाजवळून निघणाऱ्या कॅलेडोनियन रोडवर इथिओपिया आणि एरिट्रिया या दोन शेजारी देशांच्या लोकांची लहान लहान भोजनगृहे आहेत. हे लोक बव्हंशी फार जुन्या पंथाचे ख्रिस्ती. त्यांच्याकडे दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास. शिवाय ईस्टरपूर्वीचा पंचावन्न दिवसांचा मोठा उपास आणि इतर लहानमोठे. सारे मिळून वर्षाच्या निम्म्याच्या आसपास दिवस भरतात. उपासाच्या दिवशी मांस, अंडे, दूध, लोणी, तूप सर्व वर्ज्य. म्हणजे तुपाच्या बाबतीत ते आपल्याहूनही कडक! त्यांच्या भाषेत उपासास ‘त्सोम’ म्हणतात, आणि ‘येत्सोम बेयायनेतू’ एवढे दोन शब्द उच्चारता आले म्हणजे उपासाच्या नाना पदार्थांचे एक ताट पुढे येते. आम्ही मुद्दाम शुक्रवारी गेलो. रोज मिळते, पण ज्या दिवशी घरची माणसेही तेच जेवतात त्या दिवशी ते ताजे आणि मन लावून केलेले असते.

ताट म्हणजे खरोखर एक मोठी परात. तिच्यावर ‘इंजेरा’ नावाची हातभर रुंदीची आंबोळी पसरलेली. ‘टेफ’ नावाचे खसखशीएवढे बारीक धान्य तिकडे पिकते. त्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात. वर जाळी पडते, खाली मऊ राहते. चव आपल्या आंबोळीहून बरीच आंबट. ‘सर्वत्र निव्वळ टेफ असतेच असे नाही, इकडे गहू किंवा तांदूळही मिसळतात’, असे मालकीणबाईंनीच सांगितले. त्यांचा हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडला. आंबोळीवर वाट्यांऐवजी ढीग: तांबड्या तिखटातील मसुरीची आमटी, हळदीचे फिके वाटाण्याच्या डाळीचे वरण, कोबी-बटाटा-गाजराची भाजी, चुक्यासारखी दिसणारी पण कोबीच्या जातीची पालेभाजी, आणि मध्ये तपकिरी, बुडबुडे येणारे ‘शिरो’. हरभऱ्यासारख्या कडधान्यांच्या पिठात तिखट-मसाला घालून ते शिजवितात. वहिनींनी आंबोळीचा तुकडा मोडून त्यात बुडविला, तोंडात घातला आणि क्षणभर थांबल्या. “भाऊजी, हे तर आपले पिठलेच की हो! फक्त फोडणीला मोहरी नाही.” तिखटात मेथी, ओवा आणि आले असल्यामुळे ते परके वाटतच नाही. कांदा मात्र सर्वांत सढळ. तेव्हा हे ठिकाण आषाढीपूर्वीचे समजावे.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे लोक एकाच परातीत सर्वांनी मिळून जेवतात. आपल्याकडील उष्ट्याची कल्पना त्यांस नाही. उलट एका परातीत जेवणे हेच सख्याचे लक्षण. आम्ही वहिनींसाठी निराळे ताट मागितले. बाई हसल्या आणि काही न बोलता निराळे ताट घेऊन आल्या. आमचा धाकटा मालक मात्र परातीवरून उठून आजीच्या ताटाशी जाऊन बसला, कारण मालकीणबाईंनी त्यास तिकडची ‘गुर्शा’ ही रीत सांगितली होती: आपल्या हाताने घास करून तो आवडत्या माणसाच्या तोंडात घालावयाचा. आपल्याकडे लग्नात वधूवर एकमेकांस घास देतात, तेच हे. त्यांच्याकडे ते रोजचे. पोराने दिलेला घास वहिनींनी घेतला. त्यानंतर दोन्ही ताटांमधील अंतराबद्दल कोणी फारसे बोलले नाही. तेथे उजव्या हातानेच जेवतात, आणि जेवणापूर्वी हात धुतातच. काटे-चमच्यांच्या देशात ही गोष्ट सौ.ना फार बरी वाटली.

आषाढी आली आणि कांदा बंद झाला, तेव्हा आम्ही पूर्वेकडे वळलो. चिनी अन्न म्हटले की आपली माणसे दचकतात, आणि ते अगदीच निष्कारण नव्हे. परंतु चीनच्या बौद्ध भिक्षूंचा स्वयंपाक हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात मांसमत्स्य तर नाहीच, शिवाय पाच उग्रगंधी वनस्पती वर्ज्य: कांदा, लसूण, त्यांच्याच जातीचे दोन पाले, आणि पाचवा हिंग. या पाचव्यास चिनी ग्रंथांत ‘शिंगच्यू’ म्हणतात. ते संस्कृत ‘हिङ्गु’ शब्दाचेच रूप होय. जो हिंग आपल्या सोवळ्यातल्या वरणास चालतो तो त्यांच्या मठात चालत नाही! उलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या जोडीस बसविलेली कुत्र्याची छत्री, म्हणजे मशरूम, ही चिनी भिक्षूंच्या पाकशाळेचा प्राण. दोघांचीही कांदा-लसणाबाबत एकवाक्यता आणि पुढे फाटाफूट, हे पाहून आमच्यातील जुन्या शाळामास्तरास मौज वाटली. वहिनींस छत्र्या नको होत्या. त्या वेचून बाजूस ठेवण्याचे काम नातवाने आनंदाने पत्करले.

येथे मागावयाचा पदार्थ ‘लो हान जाय’. ‘लो हान’ म्हणजे आपला ‘अर्हत्’, आणि ‘जाय’ म्हणजे व्रताचे अन्न. अर्हतांचा फराळ म्हणा ना. परंपरेने यात अठरा जिनसा घालतात असे मानतात. सोयाबीनच्या दुधाचे पनीर, कमळाचे देठ, शेवया, कोबी, गाजर वगैरे. नववर्षाच्या पहिल्या दिवशी पुष्कळ चिनी कुटुंबे हेच जेवतात. दोन सूचना. शाकाहारी म्हणविणारे प्रत्येक चिनी घर उग्रगंधीचा नियम पाळतेच असे नाही, म्हणून कांदा-लसूण आहे काय हे स्पष्ट विचारावे. आणि यादीत ‘बदक’ किंवा ‘कोंबडी’ अशी नावे दिसल्यास भिऊ नये, ती गव्हाच्या चिकाची सोंगे असतात. सोंगांबद्दल वहिनींचे मत वर आलेच आहे. आम्ही ती मागविली नाहीत.

किंग्जलँड रोडवर व्हिएतनामी लोकांची वस्ती आणि त्यांची भोजनगृहे आहेत; 1975 साली तिकडील युद्ध संपल्यानंतर ही मंडळी निर्वासित होऊन आली. त्यांच्या नित्याच्या रांधण्यात माशांचा आंबवलेला रस जवळजवळ मिठाच्या ठिकाणी पडतो. तो डोळ्यांस दिसत नाही, म्हणून जपावे. पण त्यांच्याकडेही ‘चाय’ नावाचे व्रतान्न आहे, आणि चिनी ‘जाय’ हाच तो शब्द. बौद्ध कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, ते पाळतात. चिरंजीवांच्या भिंतीवरील कालनिर्णय काढून आम्ही पौर्णिमेचा बेत केला. हा बेत पाहून वाढणारी पोरगी चकित झाली. तिच्या आईखेरीज त्या दिवशी ‘चाय’ मागणारे गिऱ्हाईक तिला फारसे भेटत नसावे.

आता ज्यूंचे. गोल्डर्स ग्रीन या भागात त्यांची मोठी वस्ती आहे, आणि सोवळ्याओवळ्याची जाण असलेल्या आपल्या माणसास तेथे जितके चटकन समजते तितके इतर कोठेही समजत नाही. त्यांच्या शास्त्रात करडास त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये अशी आज्ञा आहे. तिचा विस्तार होत होत मांस आणि दूध यांचा कोठेही संपर्क होऊ नये, असा नियम झाला. भांडी निराळी, सुऱ्या निराळ्या, धुण्याच्या जागा निराळ्या. याचा परिणाम असा की त्यांचे भोजनगृह एक तर मांसाचे किंवा दुधाचे. आणि दुधाच्या घरात मांसाचा कणही शिरत नाही, चरबीही नाही, हाडांचे पाणीही नाही. यावर देखरेख ठेवण्यास धर्ममंडळाचा माणूस असतो आणि त्याचे प्रमाणपत्र भिंतीस लावलेले असते. वहिनींचा कढईविषयीचा प्रश्न ऐकून आपल्या लोकांनी इतरत्र कपाळास आठ्या घातल्या असत्या. तेथील वृद्ध गृहस्थाने मात्र तो अगदी रास्त मानून सविस्तर उत्तर दिले. लक्षात ठेवावयाचे एवढेच, की मासे आणि अंडे त्यांच्या शास्त्रात तटस्थ पक्षात मोडतात, म्हणून दुधाच्या घरातही ते असू शकतात. ते वेगळे विचारावे. शुक्रवारी सायंकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत सर्व बंद. आपल्या कोकणातील बेने इस्राएल मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. अलिबाग-रेवदंड्याकडील वाचकांस हे सांगावयास नकोच. त्याच नियमाचे हे विलायती रूप.

अरबांच्या एजवेअर रोडबद्दल आणि तुर्कांच्या ग्रीन लेन्सबद्दल थोडक्यात सांगतो. एजवेअर रोडवर हरभऱ्याची चटणी, भाजलेल्या वांग्याचे भरीत, कोथिंबिरीसारख्या पाल्याची कोशिंबीर, आणि मसूर-तांदूळ एकत्र शिजवून वर तळलेला कांदा पसरलेली ‘मुजद्दरा’ ही खिचडी, एवढ्यात दोन माणसांचे पोट भरते. ‘फलाफल’ म्हणजे हरभऱ्याची भजी उत्तम; पण तेल कोणते आणि त्यात आणखी काय तळतात, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. ग्रीन लेन्सवर खिडकीशी बसून तुर्की बाया पातळ पोळ्या लाटतात आणि पालक-पनीर भरून तव्यावर भाजतात. पाहत उभे राहावे असे हात. तेथे ‘झेतिन्याली’ हा शब्द उपयोगी पडतो. ऑलिव्हच्या तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्यांचा हा वर्ग असून त्यात सहसा मांस नसते. मसुरीचे सार मात्र विचारूनच.

सारावरून आठवले. मध्यवस्तीतील एका नावाजलेल्या भोजनगृहात आम्ही ‘भाज्यांचे सार’ मागविले. यात मांस आहे काय, या प्रश्नास “नाही” असे ठाम उत्तर मिळाले. सूनबाईंनी मात्र दुसरा प्रश्न टाकला, “पाणी कशाचे?” तेव्हा कळले की पाणी कोंबडीच्या हाडांचे. नोकर खोटे बोलला नव्हता. त्याच्या दृष्टीने तुकडा नव्हता म्हणजे मांस नव्हते. तेव्हापासून आमचा प्रश्न ठरून गेला: पाणी कशाचे, चरबी कशाची, रस कशाचा. जपानी सारात सुकविलेल्या माशाचा अर्क, कोरियन लोणच्यात कोळंबीची किंवा माशांची आंबवण, इंग्रजी वूस्टर सॉसमध्ये लहान मासे, गोड जेलीत हाडांचा सरस, काही ठिकाणी बटाट्याचे काप गाईबैलांच्या चरबीत तळलेले. इटालियन घरांतील ‘पार्मेझान’ चीज वासराच्या जठरातील रसानेच विरजावे असा त्याचा नियमच आहे. म्हणून आमच्यापैकी ज्यांस ते नको त्यांनी ‘मारिनारा’ पिझ्झा घेतला. नाव खलाशांवरून पडले आहे खरे, पण त्यात मासा नाही आणि चीजही नाही. टोमॅटो, लसूण, तेल आणि ओव्यासारखा एक पाला, एवढेच.

त्या देशात उपाहारगृहांस चौदा जिनसांबद्दल गिऱ्हाइकास माहिती द्यावीच लागते. कारण कित्येकांस त्यांपासून विकार होतो. अंडे, मासे, कोळंबी-खेकडे, शिंपले आणि दूध ही त्यात आहेत, तेव्हा ती यादी आपल्या फार कामाची. पण ध्यानात ठेवावे, मांस त्या यादीत नाही! ते तोंडानेच विचारावे लागते. बहुतेक दारांवर शून्य ते पाच असा स्वच्छतेचा अंक चिकटविलेला दिसतो. चारच्या खाली आम्ही गेलो नाही. यंत्रावर लोकांनी दिलेले तारे चिरंजीव तत्परतेने पाहत. आमचा अनुभव असा की त्या ताऱ्यांवरून खुर्च्यांची आणि दिव्यांची परीक्षा होते, अन्नाची क्वचितच. त्या देशाच्या वाण्याच्या दुकानात जाऊन, काहीतरी विकत घेऊन, “तुम्ही स्वतः कोठे जेवता?” असे विचारणे अधिक फलदायी. वाणी आपल्या भावाचेच हॉटेल सांगण्याचा संभव असतो. सांगू द्यावे, भावाकडेच जावे.

वडील मंडळींस घेऊन जावयाचे तर दुपारी बाराच्या ठोक्यास जावे. गर्दी नसते, स्वयंपाकी मोकळा असतो, आणि प्रश्न विचारण्यास संकोच वाटत नाही. आदल्या दिवशी फोन करून माणसे किती, नियम कोणते, हे सांगून ठेवल्यास फार गोष्टी सुकर होतात. सूनबाई ते काम करीत, आणि तिकडील लोकांस त्यात काही वावगे वाटत नसे. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या घराने नळाचे पाणी मागितल्यास फुकट द्यावे असा इंग्लंडात नियम आहे. बाटलीचे पाणी घेण्याचे कारण नाही. बिलात साडेबारा टक्के सेवेचे म्हणून पुष्कळ ठिकाणी आधीच मिळविलेले असतात. तेथे वर आणखी बक्षिसी ठेवण्याची गरज नसते.

इथिओपियन घरी जेवणानंतर कॉफी घ्यावयाची असेल तर मात्र वेळ हाताशी ठेवून जावे. बाई समोर बसून हिरव्या बिया तव्यावर भाजतात, तो सुवासिक धूर प्रत्येकाच्या नाकाजवळ नेतात, मग कुटून मातीच्या सुरईत उकळतात, आणि जोडीस मक्याच्या लाह्या देतात. एका पेल्यावर उठणे त्यांच्या रीतीस धरून नाही. पेले तीन होतात, तिसऱ्याचे नाव ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद. आणि तिसरा येईपर्यंत दुपारचे साडेतीन सहज वाजतात. त्या दिवशी म्युझियमचा बेत ठेवू नये.